भिकूशेठच्या मोटारीचे पाटे

मोटारीच्या धंद्यात माणूस चार वर्षं राहिला की त्याच्या अंगात दोन गोष्टी मुरतात. एक ग्रीस आणि दुसरे किस्से. ग्रीस साबणानं थोडंफार जातं. किस्से जात नाहीत, उलट एकाला दुसरा चिकटतो आणि म्हातारपणी त्याचा गोळा होतो.

मला लोक घाटातल्या भुताबद्दल विचारतात. एवढी वर्षं मोटार हाकलीत, भूत दिसलंच असेल म्हणतात! नाही दिसलं. मी घाटात काय पाहिलं असेल तर मोटारीचा पाटा. उताणा निजून, तोंडावर तांबडी माती घेत, तासन् तास पाहिला. ज्याला भूतच पाहिजे त्यानं दुसरीकडे जावं.

आता पाटा म्हणजे काय ते आधी सांगतो. नंतर मधेच विचाराल, आणि मधे विचारलेलं मला खपत नाही. मोटारीच्या मागच्या दोन चाकांशी लोखंडी पट्ट्या एकाखाली एक आवळलेल्या असतात, होडीच्या तळासारख्या वाकलेल्या. सगळ्यात वरची लांब, खालच्या आखूड होत जातात. ह्या जुडग्याला पाटा म्हणायचं. खाली चाकाचा आस, वर मोटारीचा सांगाडा, त्याला चासी म्हणतात, आणि मधे हा पाटा. मोटारीतलं सगळं ओझं ह्याच्या डोक्यावर. ओझं वाढलं की पाटा दबतो. फारच दबला की चासी आसावर टेकते, आणि टेकली की कधीतरी मोडते. संपलं. एवढंच शास्त्र आहे. मी शाळा चौथीत सोडली तरी मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

गोष्ट सन तीसच्या आगेमागची. आमचे भिकूशेठ रत्नागिरीत बैलगाड्या चालवायचे. बंदरावरून माल उचलायचा आणि आत गावोगाव टाकायचा. एकदा त्यांनी एका साहेबाची जुनी अमेरिकन मोटार पाहिली आणि त्यांचं डोकं फिरलं. बैल विकले, गाड्या विकल्या आणि मोटार घेतली. मी त्यांचा गाडीवान होतो, तो ड्रायव्हर झालो. चार माणसांनी हवा खात फिरायची ती मोटार. भिकूशेठनी तिचं मागचं अंग कापलं, तिथं फळ्यांचा हौदा ठोकला आणि म्हणाले, "गणू, आता हिच्यात माल भर!"

मी भरला.

* * *

पहिला माल भाताच्या पोत्यांचा. भरता भरता मोटार मागं बसत गेली, आणि शेवटचं पोतं टाकलं तेव्हा म्हैस बसते तशी बसली. तोंड वर आभाळाकडे.

"चालेल ना रे?" भिकूशेठ.

"चालेल. पण वळेल का ते सांगता येत नाही."

"बैलगाडी वळते, मग ही का वळणार नाही?"

निघालो. सरळ रस्त्यावर चालली. पुढं एक वळण आलं. मी चक्र फिरवलं. चक्र फिरलं, चाकंही फिरली, पण मोटार सरळच! पुढच्या चाकांवर वजनच नव्हतं, ती नुसती जमिनीला हात लावून चालली होती. रस्ता उजवीकडे गेला, आम्ही कुंपणातून थेट एका घराच्या अंगणात. तुळशीच्या अलीकडे वीतभर थांबलो.

घरमालक ओटीवर सुपारी कातरत बसलेले. दचकले नाहीत, उठले नाहीत. चष्म्यावरून बघून म्हणाले, "कोणाकडे आलात?"

मला घाम फुटलेला. भिकूशेठ मात्र खाली उतरले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तुमच्याकडेच! वाटेवर घर दिसलं, म्हटलं पाणी पिऊन जावं."

पाणी आलं, वर गूळही आला. जाताना मालकांनी मोडलेल्या कुंपणाकडे बोट करून एवढंच विचारलं, "जाताना दारानं जाल ना?"

* * *

भिकूशेठनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मला म्हणाले, "गणू, बैलगाडीला पाटा असतो काय रे?"

"नाही."

"आणि ओझं कोण जास्त वाहतं? बैलगाडी का ही?"

"बैलगाडी."

"मग दुखणं त्या पाट्यातच आहे!"

हे बोलणं ऐकायला इतकं बरोबर वाटलं की मी मान डोलावली. आजही कधी कधी डोलावतो. त्यांनी ऐनाच्या लाकडाचे दोन जाड ठोकळे काढवून आणले आणि आस आणि चासी ह्यांच्या मधे दोन्ही बाजूंना ठोकून बसवले. पाटा दबायचा प्रश्नच मिटला. मोटार कितीही भरा, तसूभर खाली जाईना!

त्याच आठवड्यात चिपळूणला माल टाकला. तिथं गुहागरच्या बाजूचं भाडं मिळालं. त्यात एक म्हातारी होती, हेदवीच्या गणपतीला निघालेली. तिला मी पुढं माझ्या शेजारी बसवलं. रस्ता कसला, नुसता जांभा उघडा पडलेला. प्रत्येक दगड चाकातून ठोकळ्यात, ठोकळ्यातून फळीत आणि फळीतून आमच्या मणक्यात. म्हातारी आधी देवाचं नाव घेत होती. मग माझं विचारलं आणि माझं घ्यायला लागली.

हेदवीचा फाटा यायच्या आत ती ओरडली, "थांबव मेल्या! उतरव मला!"

"आजी, अजून लांब आहे."

"असू दे लांब. मी पायी यायचा नवस बोलले होते. गुडघे दुखतात म्हणून मोडला. आता देवानं आठवण करून दिली ती पुरे झाली!"

आणि काठी टेकत ती खरंच चालत गेली. आम्ही माल उतरवून परत येत होतो तर समोरून नारळ घेऊन येताना दिसली. मी थांबलो. तिनं हात जोडले. मोटारीला की मला ते कळायच्या आत ती झाडाआड झाली.

महिन्याभरात चासीला तडा गेला. मी खाली शिरून पाहिलं, तर ठोकळ्याच्या बरोबर वर लोखंड चिरलेलं. भिकूशेठना दाखवलं. ते माझ्या शेजारी खाली शिरले. मग ठोकळ्यावर हात फिरवून म्हणाले, "पण गणू, ऐनाला काही झालं नाही बघ!"

* * *

गणपतीला भिकूशेठचे थोरले भाऊ मुंबईहून आले. त्यांना सगळे दादा म्हणायचे. गिरणीत मुकादम होते. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते दगडावरची रेघ. आरती झाली, मोदक झाले, मग धोतर वर खोचून दादा मोटारीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांनी पाहिलेला तडा त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"भिकू, बैल विकलेस ते विकलेस. आता नीट ऐक. शिमग्याला मी रजा काढून येतो. पहिला आंबा निघेपर्यंत राहतो. ही मोटार पेट्या भरून घाट चढून कोल्हापूरला गेली तर तुझा धंदा तुला. पण वाटेत चासी एकदा जरी आसावर टेकली, तर मोटार विकायची आणि माझ्याबरोबर मुंबईला यायचं. गिरणीत जागा बघून ठेवतो."

भिकूशेठची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं ताट खाली वाजलं. भिकूशेठनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरं दादा."

ह्या माणसाला मी ओळखत होतो. समुद्राचा वारा बंद झाला तर ह्याला जेवण जायचं नाही. हा गिरणीत म्हणजे मासा ओटीवर! आता गाठ त्या पाट्याशी होती.

* * *

तडा रिबिट मारून जोडून घेतला. ठोकळे चुलीत गेले. आता अक्कल आली होती की पाट्यात पट्ट्या वाढवायच्या. पट्ट्या कोण करणार? धोंडू लोहार.

धोंडू म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीचा कोयता. त्याच्या हातचा कोयता नारळ असा सोलायचा की नारळाला पत्ता लागू नये. गर्वही तसाच. मोटारीची पट्टी त्यानं हातात घेतली, नखानं वाजवली आणि फेकून दिली.

"ह्यात काय आहे? हे अमेरिकेचं लोखंड मऊ आहे! मी ह्याच्या दुप्पट कडक करून देतो."

दिलं. लाल करून, पाण्यात बुडवून, अगदी कोयत्याचं पाणी चढवून दिलं. बसवताना पट्टी वाजवली तर देवळातल्या घंटेसारखी वाजली. भिकूशेठ खूश. आम्ही थोडासा माल भरून भाट्याच्या बाजूला निघालो. पहिला खड्डा आला आणि मागून आवाज, टण्ण! दुसरा खड्डा, पुन्हा टण्ण! तिसऱ्या खड्ड्याला आवाज आला नाही, कारण वाजायला पट्टी उरली नव्हती.

तुकडे पोत्यात घालून आम्ही धोंडूकडे गेलो. भिकूशेठनी ते त्याच्या पायाशी ओतले. धोंडूनं एक तुकडा उचलला, मोडलेल्या जागेकडे डोळा बारीक करून पाहिलं आणि प्रेमानं म्हणाला, "वा! काय पाणी बसलंय! धार लावून देऊ?"

लावून दिली. त्या साली भिकूशेठच्या घरात मोटार बंद होती, पण कोयते इतके झाले होते की वहिनी शेजारणीला हळदीकुंकवाला देऊ की काय म्हणत होत्या.

दुसऱ्या खेपेला धोंडू चिडला. कडक नको ना, मग घ्या मऊ! तापवून राखेत निवत ठेवली. ती पट्टी मोडली नाही. ओझ्याखाली वाकली आणि ओझं काढल्यावर तशीच वाकलेली राहिली. भिकूशेठ म्हणाले, "धोंडू, ही वर का येत नाही?" धोंडू म्हणाला, "तुम्ही मऊ म्हणालात. वर ये असं कोण म्हणालं होतं?"

* * *

तेव्हा ठरलं की पट्ट्या मुंबईच्याच पाहिजेत. आमच्या वाडीचा एक विठू नावाचा माणूस मुंबईत मोटारींच्या भंगारात कामाला होता. दिवाळीला गावी येताना त्यानं एका मोडक्या लॉरीच्या पट्ट्या आणल्या. बोटीवर लोखंड म्हणून वेगळं भाडं पडू नये ह्यासाठी त्या त्यानं वळकटीत गुंडाळल्या, वर चादर, वर उशी!

आमच्या बंदरात बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसं पडावात, म्हणजे होडीत, उतरायची. विठूनं वळकटी खलाशाकडे दिली. खलाशी दणकट गडी, एका हातानं धरायला गेला आणि वळकटीसकट पडावाच्या तळाशी बसला.

"काय रे विठू!" तो खालून ओरडला. "बायको गुंडाळून आणलीस काय?"

पडावात हशा पिकला. विठू लाजून म्हणाला, "मोटारीच्या पट्ट्या आहेत. मोटार मागं बसते, म्हणून घालायच्या."

खलाशानं पडावाच्या काठाकडे पाहिलं. ज्या बाजूला वळकटी होती ती बाजू पाण्याला टेकायला आली होती, आणि तिकडची म्हातारी माणसं देवाचा धावा करत होती. तो म्हणाला, "छान! मग आता आमच्या पडावाला काय घालू ते सांग!"

विठूला सगळ्यांनी उचलून दुसऱ्या बाजूला, एका जाड भटजींच्या शेजारी बसवलं, तेव्हा कुठं पडाव सरळ झाला. भटजी किनाऱ्यापर्यंत पोटावर उपरणं ओढत राहिले. उतरताना मात्र म्हणाले, "आम्ही जाड, हे ठाऊक होतं. मोटारीच्या बरोबरीचे आहोत हे आज कळलं."

* * *

विठूच्या पट्ट्या आम्ही सगळ्या घातल्या. एकही मागं ठेवली नाही. आणि मोटार मागून इतकी उचलली गेली की कोंबडी दाणे टिपते तशी दिसायला लागली. दिवे लावले तर उजेड पुढच्या चाकाच्या पायाशी. भरली तर झकास वळे, नुसते हादरे देई. रिकामी असली की उडायची! मला आसनावर बसल्याचं आठवत नाही, मी त्याच्यावर येऊन जाऊन होतो.

उपाय मीच काढला. रिकामी फिरवायचीच नाही. जांभ्याचे चिरे हौद्यात भरले आणि ते घेऊन हिंडायला लागलो. माल मिळाला की चिरे उतरवायचे, माल टाकला की परत चिरे. पाठीचा काटा ढिला झाला, पण मोटार सरळ चालायला लागली.

एकदा नाक्यावर जमादारानं अडवलं. चिरे पाहिले. त्याला वाटलं कोणाच्या तरी खाणीतून उचलले.

"चिरे कुठून आणलेत?"

भिकूशेठ म्हणाले, "घरून."

"कुठं चाललेत?"

"घरी."

जमादारानं डोकं खाजवलं. "म्हणजे घरून घेऊन घरीच चाललात?"

"हो."

"मग एवढी मोटार कशाला लावलीत?"

"अहो, मोटारीसाठीच तर चिरे लावलेत!"

जमादार बाजूला झाला आणि हात करून म्हणाला, "जा बाबा. लवकर घरी जा."

* * *

माघात हसनमियां आले. हे आंब्याचे बडे व्यापारी, बोलायला मध, पण मालाच्या बाबतीत फार कडक. पहिल्या आंब्याची खेप तेच देणार होते. त्यांनी तपासायला म्हणून पपयांची एक पेटी आणली आणि म्हणाले, "हिला एक चक्कर मारून आणा."

आणली. पेटी उघडली. हसनमियांनी आत बघितलं, झाकण लावलं आणि माझ्याकडे बघून गोड हसले. "गणूभाई, मला आंबा पोचवायचाय. आमरस तिथले लोक स्वतः करतील."

इथं मात्र आमचं गाडं अडलं. पट्ट्या कमी केल्या तर भरलेली मोटार टेकणार. पट्ट्या ठेवल्या तर आंबा फुटणार. मऊ पाहिजे आणि जोरकसही पाहिजे. एकच वस्तू दोन्ही कशी असेल? मी जेवताना विचार करी, झोपताना करी. माडाच्या झावळीकडे बघे. ती वाऱ्यात वाकते पण मोडत नाही, ते कसं? गलबताच्या डोलकाठीला हात लावून बघे. खरं सांगतो, आयुष्यात मला कुठल्या गोष्टीचा एवढा नाद लागला नाही, लग्नाचासुद्धा नाही.

वहिनी म्हणाल्या, "ग्रामदेवीला कौल लावा." कौल म्हणजे देवीच्या अंगावर फुलं चिकटवायची आणि विचारायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आम्ही गेलो. गुरवांनी मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराच्या मोटारीच्या पाठीत बळ दे गे आई! आणखी पट्टी घालायची असेल तर उजवा दे, काढायची असेल तर डावा दे!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले. धोंडू सगळ्यात मोठ्यानं.

डावा पडला. भिकूशेठ म्हणाले, "पुन्हा विचारा." पुन्हा विचारलं, उजवा पडला. "पुन्हा एकदा!" तिसऱ्या वेळेस काहीच पडेना. आम्ही उभे, फुलं चिकटलेली, घाम गळतोय. शेवटी गुरव हळूच आमच्याकडे वळून म्हणाले, "जाऊन या. देवी विचारात पडली आहे."

घरी आल्यावर भिकूशेठनी धोंडूला सांगितलं, "पाटा सोड आणि ती सगळ्यात खालची पट्टी आणखी वाकवून बसव." धोंडू कौलात दिवस गेला म्हणून आधीच तापलेला. त्यानं दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढल्या आणि घण मारमारून वाकवायच्या ऐवजी सपाट करून टाकल्या. तशाच आवळल्या. वरच्या पट्ट्या कमानीत वाकलेल्या आणि ही सरळ. दोन्ही टोकांना बोट जाईल एवढी फट!

भिकूशेठनी पाहिलं आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. धोंडू उलट बोलला. वाडी जमली. मी मात्र खाली निजून त्या फटीकडे बघत होतो. भांडता भांडता भिकूशेठ हौद्यात चढले. फट जरा कमी झाली! मी ओरडलो, "आणखी कोणीतरी चढा!" वहिनी चढल्या. विठूची आई चढली. पोरं चढली. फट मिटत चालली. शेवटी गुरव चढले, आणि ती सरळ पट्टी वरच्या पट्टीला अलगद जाऊन चिकटली. मग आणखी माणसं चढली तरी मोटार जेमतेम दबली.

म्हणजे रिकामी असताना ती पट्टी कामच करत नव्हती, आणि भरल्यावर खांदा देत होती! मऊ आणि जोरकस, दोन्ही! मी खालून ओरडलो, "कोणी उतरू नका! मला अजून बघू दे!"

धोंडूनं वाकून बघितलं. मग उभा राहून, घण खांद्यावर टाकून म्हणाला, "मी मुद्दाम केलं!"

गुरव वरून म्हणाले, "देवीनं करवलं."

वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "असं? मग इतका वेळ हे शिव्या कोणाला देत होते?"

* * *

शिमगा झाला. दादा आले होते, राहिले होते. पाडवा झाला. पहिला आंबा उतरला आणि हसनमियांनी पेट्या भरल्या, गवतात निजवून, बाळासारख्या. पहाटे हौदा शिगोशीग भरला. दादांनी पानाच्या डब्यातला चुना काढला, मोटारीखाली गेले आणि दोन्ही बाजूंना आसाच्या वर चुन्याचा जाड थर लावला. वरची चासी काळी कुळकुळीत.

"टेकली तर काळ्यावर पांढरं दिसेल," दादा म्हणाले. "मग वाद नको."

भिकूशेठनी नुसतं "हो दादा" म्हटलं. वहिनी दारात आल्याच नाहीत.

पुढं मी, भिकूशेठ आणि हसनमियां. दादा मागं, पेट्यांच्या वर, दोर धरून बसलेले. "मी इथून पाट्याकडे बघतो," म्हणाले. सपाटीवर मोटार छान चालली. घाट लागला. मी पहिल्या गेरात टाकली आणि बैलाच्या चालीनं चढायला लागलो. इंजिन तापत होतं, पाटा कुरकुरत होता. भिकूशेठ रस्त्यावरचा एकेक खड्डा हातानं दाखवत होते, जणू मला दिसत नव्हता. ओरडलो त्यांच्यावर. त्या दिवशी मालक-नोकर काही उरलं नव्हतं.

शेवटच्या वळणापाशी पाण्यानं रस्ता कापलेला होता. मी चाक वाचवायला गेलो, पण मागचं चाक त्यात पडलंच. आणि आवाज झाला, धाड!

चढावर थांबता येत नाही. थांबलं तर मोटार मागं जाते. मी तशीच वर नेली. भिकूशेठचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. हसनमियां ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होते.

माथ्यावर थांबलो. इंजिनात पाणी घालायचं होतं. भिकूशेठ उतरायला लागले तर मागून दादांचा आवाज आला, "कोणी खाली यायचं नाही. मी बघतो."

दादा पेट्यांवरून उतरले आणि मोटारीखाली गेले. बराच वेळ खालीच होते. दरीतून वारा येत होता. भिकूशेठ माझ्या शेजारी हात जोडल्यासारखे बसलेले, पण हात मांडीवर होते.

दादा बाहेर आले. खांद्यावरचं उपरणं खांद्यावर नव्हतं, हातात चुरगळलेलं होतं, टोकाला काळं लागलेलं. ते त्यांनी सदऱ्याच्या आत खोचलं.

"टेकली नाही," म्हणाले.

हसनमियांनी विचारलं, "मग तो आवाज कसला, दादासाहेब?"

"कसला आवाज? मला झोप लागली होती."

त्या पेट्यांवर, त्या घाटात, दोर धरून झोप! हसनमियांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनात पाणी ओतायला गेलो.

कोल्हापूरला अगदी तळातली पेटी उघडली. आंबा जसा निजवला होता तसाच निजलेला. हसनमियांनी एक फळ नाकाशी धरलं, भिकूशेठच्या हातात दिलं आणि म्हणाले, "उद्यापासून हंगामभर माल तुमच्याच मोटारीनं." भिकूशेठनी ते फळ दादांपुढं धरलं. दादांनी घेतलं नाही, "घरी बायकोला दे" म्हणाले.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दादांची बोट होती. आम्ही त्यांना बंदरावर पोचवायला गेलो. पडाव लागला. दादा बसले, वळकटी मांडीवर घेतली. खलाशानं वल्हं टेकून पडाव ढकलला. हातभर पाणी मधे आल्यावर दादांनी भिकूशेठना जवळ बोलावल्यासारखं केलं. भिकूशेठ घोटाभर पाण्यात गेले.

दादा म्हणाले, "भिकू, पुढच्या खेपेआधी आणखी एक पट्टी घाल."